पिओनीच्या कळ्या मटाराएवढ्या होऊन वाळतात. ठोंब काढून टाकावा का?

सायली_के (३ जून)

नमस्कार मंडळी,

आम्ही मिशिगनमध्ये कॅन्टनला राहतो. २०२१ मध्ये जुनं घर घेतलं. मागच्या अंगणात कुंपणालगत पिओनीचा भलाथोरला ठोंब आहे, तो आम्हाला घराबरोबरच मिळाला. पानं अशी तजेलदार की बघत राहावं. दर मे महिन्यात भरपूर कळ्या धरतात, मटाराएवढ्या होतात आणि तिथेच थांबतात. मग तपकिरी होऊन वाळून जातात. यंदा अख्ख्या ठोंबात एकच फूल उमललं, तेही कडेच्या फांदीला, गवतावर झुकलेलं. पांढरंशुभ्र, मधल्या दोन-चार पाकळ्यांच्या कडांवर लाल शिंतोडे आणि वास इतका गोड की खिडकी उघडी असली तर स्वयंपाकघरापर्यंत येत होता.

ते एक फूल पाहिल्यापासून माझा जीव त्या झाडात अडकलाय. पण नवऱ्याचं म्हणणं असं, की इतकी चांगली उन्हाची जागा एका फुलासाठी अडवून ठेवायची कशाला? तिथे टोमॅटो, वांगी आणि मेथीसाठी उंच वाफा करू. सासूबाई सध्या कराडहून आल्यात. त्या म्हणतात, आपण लावलं नाही ते झाड आपण उपटू नये. शेजारच्या आजी १९७४ मध्ये इथे राहायला आल्या, तेव्हाही ते झाड तिथेच होतं असं सांगतात.

कळ्यांवर मुंग्या खूप असतात. त्यांच्यामुळे असं होतं का? काही मारायचं का त्यांच्यावर? आणि एवढं जुनं झाड फुलावर परत येऊ शकतं का, की त्याचं आयुष्य आता संपलं?

---

मिलिंद_एडिसन (३ जून)

आमच्याकडे न्यू जर्सीत दोन झाडं आहेत, व्यवस्थित फुलतात. मुंग्या आमच्याकडेही असतात. एक जण म्हणतो साबणाचं पाणी फवारा, दुसरा म्हणतो मुंग्यांनी कळी चाटल्याशिवाय पिओनी उमलतच नाही. जाणकारांनी खरं काय ते सांगावं. बाकी ऊन भरपूर लागतं एवढं नक्की.

---

वसुधा_अॅनआर्बर (४ जून)

सायली, ठोंब उपटू देऊ नकोस. आधी ही विनंती, बाकीचं नंतर.

पिओनीचं आयुष्य संपलं वगैरे मनातून काढून टाक. नीट जागी लावलेली पिओनी पन्नास वर्षं सहज जगते, शंभरी गाठलेलीही असतात. घरं विकली जातात, माणसं बदलतात, झाड त्याच जागी दर वसंतात लालसर कोंब वर काढतं. मिशिगनमधल्या जुन्या शेतघरांभोवती तुला असे ठोंब हमखास दिसतील. कुठेकुठे घर पडून गेलंय आणि पायरीच्या दोन्ही बाजूंच्या पिओन्या मात्र शिल्लक आहेत. तुमच्या आजी १९७४ चं सांगताहेत म्हणजे ते त्याच्याही आधीचं असणार, कारण त्यांनी पाहिलं तेव्हा ते मोठंच असेल.

मिलिंद, मुंग्यांबद्दल तुम्ही ऐकलेल्या दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत. कळीच्या बाहेरच्या हिरव्या दलांमधून गोड रस पाझरतो, मुंग्या तेवढा पितात. त्या पाकळ्या कुरतडत नाहीत आणि कळी उमलवतही नाहीत. मुंग्या नसल्या तरी फूल फुलतं. उलट त्या रसाच्या बदल्यात कळी खाणाऱ्या इतर किड्यांना त्या जवळ येऊ देत नाहीत. तेव्हा काहीही मारायचं नाही. फूल घरात आणताना दांडी उलटी धरून हलकेच झटकायची. तरी राहिल्या तर बादलीभर पाण्यात फूल क्षणभर बुडवायचं.

आता कळ्या का वाळतात. सायली, तू लिहिलंयस त्यात दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटल्या. एक, पानं अतिशय तजेलदार आहेत. म्हणजे झाड आजारी नाही, त्याला खायला कमी पडत नाही. दोन, उमललेलं एकमेव फूल कडेच्या फांदीला होतं, मधल्या नाही. यावरून माझा संशय खोलीवर आहे.

पिओनीच्या गड्ड्यावर गुलाबी-लाल टोकदार डोळे असतात. तू कराडची सून आहेस, तुला सांगायला नको, उसाच्या कांडीवर डोळा असतो ना, तसंच. पुढच्या वर्षीची फांदी आणि कळी त्या डोळ्यातून येते. या डोळ्यांना हिवाळ्याची थंडी नीट लागावी लागते. आपल्या भागात डोळे मातीच्या पृष्ठभागापासून दीड ते दोन इंच खाली हवेत, त्याहून खोल नाही. चार-पाच इंच खाली गेले की झाड जगतं, पानांनी भरतं, कळ्याही धरतं, पण फुलं देत नाही. लोक वर्षानुवर्षं खतं घालत राहतात आणि कारण असतं दोन इंच जास्तीची माती.

दुसरं कारण नत्र. अंगणात गवताला खत घालत असाल तर त्याच्या पोत्यावर तीन आकडे असतात. पहिला नत्राचा, मग स्फुरद, मग पालाश. गवताच्या खतात पहिला आकडा फार मोठा असतो. ते खत ठोंबाच्या मुळांपर्यंत गेलं की सगळा जोर पानांत जातो.

तिसरं, सावली. दिवसाला निदान सहा तास थेट ऊन हवं. जुन्या ठोंबाशेजारचं मेपलचं रोप पन्नास वर्षांत केवढं होतं ते तू बघतच असशील. झाड लावलं तेव्हा तिथे लख्ख ऊन असेल, आज नसेल.

चौथं, मे महिन्यातलं उशिराचं दहिवर. कळी मटाराएवढी असताना एका रात्री पारा गोठणबिंदूखाली गेला तरी ती आतून मरते. पण हे एखाद्या वर्षी होईल, दर वर्षी नाही.

आणि पाचवी बुरशी. त्यात कळी तपकिरी होऊन नुसती वाळत नाही, काळी पडते, दमट हवेत तिच्यावर राखाडी लव दिसते, कधी अख्खी फांदी बुडातून लवते. तसं असेल तर उपाय वेगळा.

तेव्हा मला एवढं सांग: ऊन किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत असतं? गवताला खत कोण घालतं? आणि ठोंबाभोवती लाकडाचा भुसा पसरलाय का? बोटांनी अगदी हलक्या हाताने बुंध्याजवळ उकरून बघ, डोळे किती खाली लागतात. कोवळे असतात, नख लावू नकोस.

---

सायली_के (५ जून)

वसुधाकाकू, इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. आज सकाळी सासूबाई आणि मी दोघी फूटपट्टी घेऊन बसलो.

ऊन सकाळी आठपासून दुपारी अडीच-तीनपर्यंत असतं. मेपल आहे पण पश्चिमेला, त्याची सावली नंतर येते. कळ्या काळ्या नाहीत, लव नाही, नुसत्या कोरड्या.

भुशाचं तुम्ही बरोब्बर ओळखलंत. बाग सांभाळायला आधीच्या मालकांनी एक माणूस लावला होता, तो दर वसंतात सगळ्या झाडांभोवती नवा भुसा पसरायचा, जुना न काढता. आम्हीही त्यालाच पुढे चालू ठेवलं. वरचा भुसा बाजूला केला, खाली जुना कुजून काळी माती झालेला, त्याच्याखाली आणखी एक थर. डोळे लागले ते जवळजवळ पाच इंचांवर. कडेच्या ज्या फांदीला फूल आलं होतं, तिथे मात्र थर पातळ आहे! गवताचं खतही तोच माणूस घालतो.

आता हा सगळा ठोंब उकरून परत वर लावायचा का? सासूबाई विचारताहेत की पावसाळा सोडून झाड हलवलं तर जगेल का. आणि त्यांचा आणखी एक प्रश्न, हे फूल देवाला चालतं का?

---

वसुधा_अॅनआर्बर (५ जून)

उकरू नकोस! उन्हाळ्यात तर नाहीच, आणि बहुधा शरदातही गरज पडणार नाही.

झाड खोल लावलेलं नाही, त्याच्यावर नंतर माती चढली आहे. म्हणजे ते आपल्या जागी बरोबर आहे, फक्त वरचं ओझं काढायचं. आत्ता फांद्या उभ्या आहेत तेव्हा बुंध्यापासून हाताने भुसा सैल कर आणि बाहेर ओढ. लोखंडी पंजा वापरू नकोस. एका दिवसात सगळं उघडं करू नकोस, पांढऱ्या देठांना एकदम ऊन लागेल. पंधरा दिवसांच्या अंतराने थोडंथोडं काढ. शेवटी मूळची माती लागेल, तिचा रंग आणि पोत वेगळा असतो, हाताला कळतो. आपल्याकडची मूळ माती बरीचशी चिकण, पिवळट. तिथे थांबायचं. डोळ्यांवर दीड-दोन इंच माती राहिली की झालं. ठोंबाच्या मध्यभागी पुन्हा कधीही भुसा घालायचा नाही, कडेने पातळ असला तर चालेल.

त्या माणसाला सांग, ठोंबापासून तीन-चार फूट अंतरात गवताचं खत नको. पिओनीला वेगळं खत द्यायचंच असेल तर फुलं सरल्यावर थोडं कुजलेलं कंपोस्ट घाल, तेही बुंध्याला न लागता, गोल कडेने. शेणखत ताजं अजिबात नको.

पानं उन्हाळाभर राहू दे. फुलं नाहीत म्हणून कापू नकोस. पुढच्या वर्षीचे डोळे ही पानंच पोसतात, ऑगस्टमध्ये ते तयार होत असतात. त्याच सुमारास पानांवर पांढरी भुकटी दिसेल, बुरशीच ती, दिसायला वाईट पण झाडाला फारसा धोका नाही. दिवाळीच्या आसपास कडक दहिवर पडून पानं लोळली की जमिनीलगत कापायची आणि पिशवीत भरून कचऱ्यात द्यायची. कंपोस्टात घालायची नाहीत, कारण त्या पानांवर बुरशी हिवाळा काढते आणि वसंतात पुन्हा कोंबांवर येते. एवढी एक सफाई वेळेवर केली की फवाऱ्यांची वेळ सहसा येत नाही.

समजा पुढच्या आणि त्याच्या पुढच्या जूनमध्येही फूल नाही आलं, तर मग विभागणी. तिची वेळ गणपती गेल्यापासून दिवाळीपर्यंत, म्हणजे सप्टेंबरचा मध्य ते ऑक्टोबर. पावसाळ्याचा नियम इथे लागत नाही असं सासूबाईंना सांग. इथे मुळं थंडी सुरू होताना वाढतात. पानं कापायची, फूटभर अंतरावरून गोल खणायचं, गड्डा पाण्याने धुवायचा म्हणजे डोळे दिसतात, आणि धारदार स्वच्छ सुरीने असे तुकडे करायचे की प्रत्येकाला तीन ते पाच डोळे आणि जाड मुळं राहतील. लावल्यावर एक-दोन वर्षं फुलं कमी, तिसऱ्या वर्षापासून झाड रंगात येतं. म्हणूनच मी म्हणते, गरज नसताना हलवू नये.

फुलाबद्दल. दुहेरी पांढरं, मधल्या पाकळ्यांच्या कडांवर लाल शिंतोडे, हंगामाच्या सुरुवातीला फुलणारं आणि खूप वासाचं, हे वर्णन 'फेस्टिव्हा मॅक्सिमा'ला तंतोतंत बसतं. फ्रान्समध्ये १८५१ मध्ये निघालेली जात. अमेरिकेत घरोघरी लावली गेली, कारण ती मे-अखेरीच्या स्मृतिदिनाला फुलायची आणि लोक तिचे गुच्छ आप्तांच्या कबरींवर न्यायचे. अगदी खात्री करायची तर दोघी जणी या आठवड्यातच अॅन आर्बरच्या निकोल्स आर्बोरेटममध्ये या. विल्यम अपजॉन या औषध कंपनीच्या संस्थापकांनी १९२२ मध्ये आपला पिओनींचा संग्रह मिशिगन विद्यापीठाला देऊ केला आणि १९२७ मध्ये ती बाग लोकांना खुली झाली. सत्तावीस वाफे आहेत, ऐन बहरात दहा हजारांपर्यंत फुलं असतात, प्रवेश फुकट. प्रत्येक ठोंबाला पाटी आहे, तेव्हा तुझ्या फुलाचा फोटो घेऊन ताडून पाहता येईल. सासूबाईंना सकाळी लवकर आणा, गर्दी आणि गाडी लावायचा त्रास दोन्ही वाचेल, आणि वासही सकाळीच जास्त असतो. उतार आहे थोडा, हळू चाला.

देवाला का नाही चालणार? मी वटपौर्णिमेच्या सुमारास रोज एक फूल देवापुढे ठेवते. एकच पुरतं. गणपतीच्या मूर्तीपेक्षा मोठं दिसतं आणि घरभर वास पसरतो. आपल्या मातीत नसलेलं फूल म्हणून मला कधी परकं वाटलं नाही. ज्या अंगणात आपण राहतो तिथलं उत्तम ते देवाला द्यावं, असं माझी आई सांगायची.

टोमॅटोचा वाफा चार फूट सरकवा. सहा तासांचं ऊन दोघांना पुरेल.

---

शिरीष_टोरांटो (६ जून)

वसुधाताईंनी मुळापासून सांगितलंय, मी वरच्या भागाचं सांगतो. 🙂

आमच्याकडे पिओनी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात भरात येते आणि नेमका त्याच आठवड्यात पाऊस येतो. दुहेरी पाकळ्यांचं फूल पाणी धरून ठेवतं आणि वजनाने फांदी जमिनीला टेकते. त्यासाठी तारेची गोल कडी मिळतात, ती एप्रिलअखेर कोंब फूटभर असतानाच लावावीत, म्हणजे फांद्या त्यातूनच वर येतात. फुलं आल्यावर दोरीने बांधायला गेलं की झाडाची जुडी होते आणि फांद्या मोडतात.

फुलं कापायची पद्धतही महत्त्वाची. कळीला रंग दिसायला लागला आणि चिमटीत धरल्यावर ती मऊ लागली की सकाळच्या गारव्यात कापा. टणक असताना कापलेली कळी फुलदाणीत उमलत नाही. दांडीवर निदान दोन पानं झाडाला राहू द्या आणि एका झाडाची सगळी फुलं कापू नका. मऊ कळ्या पाण्यात न ठेवता, कोरड्याच, वर्तमानपत्रात आणि मग पिशवीत गुंडाळून फ्रीजमध्ये आडव्या ठेवल्या तर दोन-तीन आठवडे सहज टिकतात. फक्त शेजारी सफरचंदं नकोत, पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या वायूने कळ्या खराब होतात. बाहेर काढल्यावर मलूल दिसतात, घाबरू नका. दांडीचं टोक नव्याने कापून कोमट पाण्यात ठेवलं की संध्याकाळपर्यंत उमलतात. आमच्या मुलीची मुंज-लग्न काही नव्हतं, पण तिच्या पदवीदान समारंभाच्या दिवशी घरात बागेतल्याच पिओन्या हव्यात असा तिच्या आईचा हट्ट होता. झाडावरचा बहर तोवर सरला होता. फ्रीजमधल्यांनी तो दिवस साजरा केला.

कुणी या बाजूला आलात तर ऑशवाच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये जूनमध्ये पिओनी महोत्सव असतो, जरूर बघा.

---

केतकी_कोथरूड (७ जून)

सगळ्यांचे प्रतिसाद वाचून फार हेवा वाटला. पुण्यात लावता येईल का हो पिओनी? ऑनलाइन बिया आणि कंद विकायला दिसतात, चित्रं निळ्या-जांभळ्या फुलांची. महाबळेश्वरला आमचं छोटं घर आहे, तिथे तरी जमेल का? फ्रीजमध्ये कंद ठेवून थंडी दिली तर?

---

वसुधा_अॅनआर्बर (७ जून)

केतकी, मन मोडायचं जिवावर येतंय, पण पैसे घालवू नकोस. निळी पिओनी नसतेच, तेव्हा ती चित्रं पाहूनच विक्रेत्याची पारख झाली. बियांपासून लावलेल्या पिओनीला मातीबाहेर यायलाच एक-दोन हिवाळे लागतात आणि फुलायला आणखी काही वर्षं.

खरी अडचण थंडीची. डोळ्यातली कळी जागी व्हायला झाडाला साधारण ४० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे चार-पाच अंश सेल्सिअसच्या खालची थंडी कित्येक आठवडे मिळावी लागते, पाचशे ते हजार तास म्हणतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याची बातमी दर एक-दोन वर्षांनी आपण वाचतो, पण ती एखाद-दुसऱ्या पहाटेची गोष्ट. दुपारी पुन्हा ऊन तापतं. त्यावर तिथला पाऊस! पिओनीच्या मांसल मुळांना पाणी साचलेलं मुळीच सोसत नाही. जून ते सप्टेंबर महाबळेश्वरच्या पावसात गड्डा कुजेल. फ्रीजमध्ये थंडी देऊन एखादं वर्ष फूल काढता येईलही, पण मग मार्च-एप्रिलच्या उन्हात ते झाड होरपळेल. एका सजीवाला आपल्या हौसेपायी असं ओढून आणू नये असं मला फार वाटतं. तुझ्याकडे महाबळेश्वरला जे उगवतं ते माझ्या अंगणात कधीच येणार नाही. सोनचाफ्यासाठी मी इथे किती झुरते ते मलाच ठाऊक.

पण भारतात पिओनी नाही असं समजू नकोस. आपली स्वतःची एक आहे. हिमालयात काश्मीरपासून हिमाचल, उत्तराखंड ते नेपाळपर्यंत दोन-अडीच हजार मीटर उंचीवर, जंगलाच्या कडेला रानटी पिओनी फुलते, 'पिओनिया इमोडी'. एकेरी पांढऱ्या पाकळ्या, मध्ये पिवळ्याधमक पुंकेसरांचा झुबका. फुलतेही एप्रिलअखेर ते जूनमध्ये. गढवालात तिच्या कोवळ्या कोंबांची भाजी करतात आणि युनानी औषधांत 'ऊद सलीब' म्हणून जी मुळी वापरतात ती पिओनीचीच. मुळ्या खणून नेल्यामुळे काही ठिकाणी ती विरळ होत चालली आहे, म्हणून दिसली तरी हात लावू नकोस, फोटो काढ. मे महिन्यात हिमालयात पायी फिरायला जाणारे पुण्यातून कितीतरी जण असतात. पुढच्या वेळी वाटाड्याला विचारून ठेव. कुंडीतल्या मरतुकड्या झाडापेक्षा देवदारांखालचा तो एक ठोंब पाहिलेला कितीतरी मोलाचा.

आणि नुसती फुलं हवी असतील तर न्यूझीलंड आणि चिलीमध्ये पिओनी नोव्हेंबर-डिसेंबरात फुलते, नेमकी आपल्या लग्नसराईच्या तोंडावर. मोठ्या शहरांतल्या फूलवाल्यांकडे चौकशी करून बघ. महाग असतात, पण फसवणूक नसते.

---

केतकी_कोथरूड (७ जून)

काकू, पटलं. हिमालयातल्या पिओनीबद्दल खरंच काही माहीत नव्हतं. पुढच्या मे महिन्यात आमचा गट जातोय, नक्की शोधेन.

---

सायली_के (१२ जून)

काल निकोल्सला जाऊन आलो. पाटीजवळ फोटो धरून पाहिला, फेस्टिव्हा मॅक्सिमाच! सासूबाई प्रत्येक वाफ्यापाशी थांबत होत्या. नवऱ्याने घरी आल्यावर काही न बोलता वाफ्याच्या खुंट्या काढून चार फूट पलीकडे ठोकल्या. भुशाचा पहिला थर काढलाय.

काकू, आता शरदात आणखी एक-दोन लावायचा विचार आहे. काय घेऊ? सासूबाईंना तिथली एक केशरी-गुलाबी फार आवडली, रोज रंग बदलते म्हणाल्या. मला पिवळी हवी आहे.

---

वसुधा_अॅनआर्बर (१२ जून)

वा, फार आनंद झाला. तुझ्या नवऱ्यालाही माझा नमस्कार सांग.

रंग बदलणारी म्हणजे बहुतेक 'कोरल चार्म' किंवा तिच्याच घराण्यातली. कोरल चार्म १९६४ ची, १९८६ मध्ये तिला अमेरिकन पिओनी सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. उमलताना गडद पोवळ्यासारखी, मग फिकट होत होत शेवटी जवळजवळ सायीच्या रंगाची. एकाच झाडावर एका वेळी चार छटा दिसतात. लवकर फुलते, त्यामुळे तुझ्या फेस्टिव्हाच्या आसपासच येईल. वास मात्र विशेष नाही.

वासासाठी आणि उशिराच्या बहरासाठी 'सारा बर्नहार्ट' घे, फिकट गुलाबी, १९०६ ची, फ्रान्समधल्या लेमॉइनची. फेस्टिव्हा सरत आली की ही सुरू होते, म्हणजे तुझा हंगाम आठ-दहा दिवसांनी लांबतो. हिला कड्याचा आधार लागतोच.

पिवळ्या रंगाची गोष्ट मोठी सुंदर आहे. साध्या पिओनीत चांगला पिवळा नव्हता, तो होता लाकडी खोडाच्या पिओनीत. दोन्हींचा संकर होत नाही असंच सगळे धरून चालले होते. जपानमधल्या तोइची इतो यांनी अगणित प्रयत्न करून १९४८ मध्ये तो साधला, पण रोपं फुलायच्या आधीच, १९५६ मध्ये ते गेले. स्वतःच्या हाताने जन्माला घातलेलं पिवळं फूल त्यांना पाहायला मिळालं नाही. आज त्या सगळ्या वर्गाला इतो पिओनी म्हणतात. त्यातली 'बार्टझेला' घे, आपल्या शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये रॉजर अँडरसन यांनी काढलेली. फूल ताटलीएवढं, लिंबासारखा पिवळा रंग, हलका वास, दांडे इतके भक्कम की आधार लागत नाही, आणि कळ्या टप्प्याटप्प्याने उमलत राहतात. शरदात ही जमिनीपासून चार-सहा इंचांवर काप, कारण खालच्या लाकडी भागावरही कधीकधी डोळे असतात. नुसत्या लाकडी पिओनीची रोपं घेतलीस तर ती मात्र कापायची नाहीत, आणि ती कलमी असतात म्हणून सांधा मातीत चार-सहा इंच खोल जायला हवा. तिथे आपला दीड-दोन इंचांचा नियम चालत नाही.

वसंतात मोठ्या दुकानांत खोक्यातून मिळतात त्या नको घेऊस, तुकडा लहान असतो आणि अवेळी लावला जातो. पिओनीचीच रोपवाटिका चालवणाऱ्यांकडून उघड्या मुळांचा, तीन ते पाच डोळ्यांचा गड्डा मागव. सप्टेंबर-ऑक्टोबरात ते पाठवतात. लावताना खड्डा मोठा कर, पण मग तळाची माती पायाने दाबून घे. नाहीतर पाणी घातल्यावर माती खचते आणि गड्डा आपोआप खोल जातो. दोन झाडांत तीन फूट ठेव, इतोला चार. पहिल्या हिवाळ्यात मात्र वरून थोडा पाचोळा टाक, नाहीतर गोठण्या-वितळण्यात नवा गड्डा वर उचलला जातो. मार्चअखेर तो आठवणीने काढायचा.

ऑर्डर जुलैमध्येच नोंदव. सप्टेंबर उजाडेपर्यंत बार्टझेला आणि कोरल चार्म दोन्ही बहुतेक ठिकाणी संपलेल्या असतात.